अवटू ग्रंथीचा उजवा पंख

गणपतींचे विसर्जन होऊन आठवडा झाला होता आणि वेंगुर्ल्याच्या बाजारात मी बांगड्यांचा वाटा घेत होते. नेहमीच्या मासेवालीने सुटे पैसे परत देता देता माझ्या गळ्याकडे टक लावून पाहिले आणि म्हणाली, “बाई, तुमचो गळो उजव्या अंगान सुजल्यासारखो दिसता. कोणाक दाखवलास काय?” घरातल्या माणसांच्या, शाळेतल्या सहकाऱ्यांच्या आणि रोज आरशासमोर वेणी घालणाऱ्या माझ्या स्वतःच्याही नजरेतून जे सुटले होते, ते तिने उभ्या उभ्या हेरले.

घरी आल्यावर मी आरशासमोर मान किंचित मागे झुकवून उभी राहिले आणि पाण्याचा एक घोट घेतला. घोट गिळताना कंठमण्याखालचा तो उजवीकडचा उंचवटा वर सरकला आणि पुन्हा खाली आला. मी एकवीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे त्या एका हालचालीने मला पुरेसे कळले. गळ्यात गाठी अनेक प्रकारच्या होतात. चरबीची गाठ असते, सुजलेली लसीका ग्रंथी असते, पण त्या गिळण्याबरोबर अशा वर चढत नाहीत. अवटू ग्रंथी, म्हणजे आपण सगळे जिला थायरॉइड म्हणतो ती, एका पातळ पण चिवट आवरणाने श्वासनलिकेला आणि स्वरयंत्राला बांधलेली असते. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि ग्रंथीही त्याच्यासोबत ओढली जाते.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला स्टुलावर बसवले, स्वतः माझ्या मागे उभे राहिले आणि दोन्ही हातांची बोटे गळ्यावर ठेवून मला घोट घोट पाणी प्यायला सांगितले. दरवर्षी फळ्यावर मी फुलपाखराचे दोन पंख काढते, त्या पंखांच्या कडा ते बोटांनी चाचपत होते. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना एकेक पंख असतो आणि नलिकेच्या दुसऱ्या ते चौथ्या कड्यावरून जाणारी एक अरुंद पट्टी त्या दोघांना जोडते. निरोगी प्रौढ माणसात हा सगळा अवयव जेमतेम १५ ते २५ ग्रॅमचा असतो, पण वजनाच्या मानाने त्यातून वाहणारे रक्त मूत्रपिंडातल्याहूनही अधिक असते. डॉक्टरांनी गाठीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकले, ते त्यासाठीच. ग्रंथी जास्त काम करू लागली की हा रक्तप्रवाह कानाला ऐकू येण्याइतका वाढतो. माझ्या गाठीत तसे काही ऐकू आले नाही. त्यांनी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लिहून दिली.

घरात पहिला प्रश्न निघाला तो आयोडीनचा. सासूबाई म्हणाल्या, “सगळा जन्म समुद्राकाठी गेला, आठवड्यातले पाच दिवस मासे खातो, मग आयोडीन कमी पडेलच कसे?” हा प्रश्न आमच्या किनाऱ्यावर सगळेच विचारतात आणि त्यात अर्धे सत्य आहे. समुद्री मासळीतून आयोडीन मिळते, हे खरे. मात्र त्याच बोलण्यात लोक समुद्राच्या मिठालाही धरतात, आणि तिथे गफलत होते. ज्या शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला, त्या परिसराबद्दल आम्हां सर्वांना अभिमान आहे, आणि आगरातले खडे मीठ आमच्याही घरी बरणीत असतेच. त्या रात्री मी वहीत एक साधे गणित मांडले. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन असते अवघे ५० ते ६० मायक्रोग्रॅम. पाणी आटताना त्यातले सगळे आयोडीन मिठात उतरले असे धरले, तरी १० ग्रॅम मिठात ते साधारण १७ मायक्रोग्रॅमच्या वर जात नाही. प्रत्यक्षात तेवढेही उतरत नाही. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमची आहे. म्हणूनच पाकिटातल्या मिठात आयोडीन मुद्दाम मिसळावे लागते, आणि ते घरात पोचेपर्यंत एका ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम उरलेले असावे, असा आपल्याकडचा नियम आहे. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात लोकांना असे मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवून दिले आणि १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

सासूबाईंना मी हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे तुझी गाठ मिठामुळे आली?” तसेही नव्हते. रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे अवटूला कामाला लावणारे संप्रेरक, २.१ आले, म्हणजे अगदी ठीक. ग्रंथी आपले काम नीट करत होती आणि तरीही तिच्या एका पंखात गाठ वाढत होती. ग्रंथीची रचना बिघडणे आणि तिचे काम बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला शब्दांनी माहीत होते, पण ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे ऐकून शेजारीपाजारी जो सुस्कारा टाकत, तो मला टाकता येत नव्हता.

सोनोग्राफी कुडाळला केली. तिथल्या डॉक्टरांनी यंत्र हनुवटीखालून फिरवायला सुरुवात केली आणि गळ्याच्या मध्यरेषेवरून हळूहळू खाली आणले. मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी आनंदाने सांगितले. गर्भात ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी जन्म घेते आणि तिथून खाली उतरत उतरत सातव्या आठवड्याच्या सुमारास गळ्यातल्या आपल्या जागी येते. त्या वाटेवर कुणाकुणात तिचे अवशेष राहून जातात, म्हणून सगळी वाट पाहून घ्यायची. माझ्या वाटेवर काही नव्हते. उजव्या पंखात मात्र ४.१ सेंटीमीटरची एक गाठ होती आणि डाव्या पंखात ६ मिलिमीटरची अगदी छोटी दुसरी. मोठीच्या कडा गुळगुळीत होत्या आणि तिच्यात चुन्याचे बारीक ठिपके नव्हते. दोन्ही गोष्टी दिलासा देणाऱ्या होत्या, पण गाठ मोठी असल्यामुळे सुईने पेशी काढून तपासणे भाग होते.

या सुईची मला फार भीती वाटली होती, आणि ती अनाठायी होती. इंजेक्शनच्या सुईहूनही ती बारीक असते. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत डॉक्टरांनी ती तीनदा आत घातली, आणि त्या काही सेकंदांत गिळायचे नाही, बोलायचे नाही, एवढेच पथ्य होते. कारण गिळले की ग्रंथी हलते आणि सुई भलतीकडे जाते.

अहवाल आठ दिवसांनी आला आणि त्याने प्रश्न मिटवण्याऐवजी वाढवला. बेथेस्डा वर्गीकरणातला, म्हणजे सुईने काढलेल्या अवटू पेशींच्या प्रतवारीतला, चौथा वर्ग, असे त्यात लिहिले होते. याचा अर्थ समजून घ्यायला मला वेळ लागला. काही कर्करोग पेशींच्या चेहऱ्यावरूनच ओळखता येतात. त्यांच्या केंद्रकांची ठेवण वेगळी असते. पण पुटकांपासून, म्हणजे ही ग्रंथी ज्या सूक्ष्म पिशव्यांची बनलेली असते त्यांच्यापासून, उद्भवणाऱ्या गाठींचे तसे नाही. निरुपद्रवी गाठीतली पेशी आणि कर्करोगाच्या गाठीतली पेशी एकमेकींशेजारी ठेवल्या तरी सारख्याच दिसतात. फरक असतो तो वागण्यात. गाठीभोवतीचे आवरण फोडून किंवा रक्तवाहिनीत शिरून पेशी बाहेर पडल्या असतील तर तो कर्करोग, आवरण सगळीकडून अखंड असेल तर साधी गाठ. सुईने आणलेल्या सुट्या पेशींना हे विचारता येत नाही. कुंपणाचे चार खांब उपटून आणून कुंपण कुठे मोडले आहे हे जसे सांगता येणार नाही, तसेच हे आहे. अखंड गाठ आवरणासकट हातात यायला हवी. अशा गाठी बहुतेक वेळा निरुपद्रवीच निघतात, असे डॉक्टरांनी सांगितले, पण खात्री करायची तर उजवा पंख काढण्यावाचून मार्ग नव्हता.

सिंधुदुर्गातली माणसे मोठ्या शस्त्रक्रियेसाठी गोव्याकडे जातात, तशी मीही गेले. तिथल्या सर्जननी संमतिपत्र माझ्यापुढे ठेवले आणि त्यातले प्रत्येक कलम बोट ठेवून वाचून दाखवले. रक्तस्राव, आवाज बसणे, वरच्या पट्टीतला स्वर न लागणे, कॅल्शियम उतरणे, पुढे गोळी लागणे. प्रथम वाचताना ती संकटांची यादी वाटली. नंतर माझ्या लक्षात आले की तो गळ्याचा नकाशा आहे. ग्रंथीच्या शेजारी जे जे राहते, त्या प्रत्येकाचे त्यात एक कलम होते.

आवाजाचे कलम मला सर्वांत जड गेले. माझी भाकरी आवाजावर आहे. स्वरतंतू हलवणारा मज्जातंतू मेंदूकडून निघून सरळ स्वरयंत्रात जात नाही. तो मुख्य तंतूबरोबर छातीच्या दिशेने खाली जातो, उजवीकडे हाताला रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिणीला आणि डावीकडे थेट महारोहिणीला वळसा घालतो आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीतून पुन्हा वर चढतो. चढताना तो अवटू ग्रंथीच्या अगदी पाठीला लागून जातो. मोठ्या दोऱ्याएवढा हा पांढरट तंतू आधी शोधायचा, तो नजरेसमोर ठेवायचा आणि मगच ग्रंथी सोडवायची, अशी ही शस्त्रक्रिया असते. दुसरा एक त्याहून नाजूक तंतू वरच्या रोहिणीच्या सोबतीने येतो आणि स्वरतंतूंना ताण देणाऱ्या स्नायूकडे जातो. तो दुखावला तर बोलणे साधारण ठीक राहते, पण स्वर वर चढत नाही, आणि मोठ्याने हाक मारता येत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी नाकातून बारीक दुर्बीण घालून माझे दोन्ही स्वरतंतू नीट हलतात ना हे पाहिले गेले. आधीच एखादा अधू असेल तर ते नंतर कळून उपयोग नसतो.

“सगळीच ग्रंथी काढून टाका, म्हणजे पुन्हा नको,” असे माझे यजमान म्हणाले. सर्जननी त्यांना थिओडोर कोखर यांची हकिगत सांगितली. स्वित्झर्लंडच्या या शल्यविशारदाने गलगंडाची शस्त्रक्रिया इतकी सुरक्षित केली की तिच्यात दगावणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. पण ज्यांची सगळी ग्रंथी काढली होती असे रुग्ण पुढे सुस्त, सुजकट आणि मंद झालेले त्यांना दिसले, आणि १८८३ साली त्यांनी ते उघडपणे मांडले. ही ग्रंथी नसेल तर शरीरात काय होते, हे जगाला कळण्यात त्या प्रांजळ नोंदीचा मोठा वाटा आहे. १९०९ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना याच ग्रंथीवरील कामासाठी मिळाले. स्वतःच्या यशस्वी शस्त्रक्रियांचे दुष्परिणाम स्वतः शोधून जाहीर करणाऱ्या त्या माणसाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. आज गोळी उपलब्ध असल्यामुळे गरज पडल्यास सगळी ग्रंथी काढता येते, पण गरज नसताना चांगला पंख का काढायचा, हा सर्जनांचा मुद्दा यजमानांना पटला.

नोव्हेंबरात शस्त्रक्रिया झाली. भूल उतरताना सर्वांत आधी जे शब्द ऐकले ते, “बाई, ‘ई’ म्हणा, लांब म्हणा.” मी म्हटले, आणि घशातून आला तो घोगरा, हवा सुटल्यासारखा आवाज. तंतू तुटलेला नाही, डोळ्यांनी पाहिला आहे, ताणामुळे काही काळ थकला आहे, असे सर्जननी सांगितले. परिचारिका दर थोड्या वेळाने विचारत होती की ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येतात का. हा प्रश्न परावटू ग्रंथींसाठी असतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पिवळसर तपकिरी अशा या ग्रंथी अवटूच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि रक्तातले कॅल्शियम सांभाळतात. माणसातल्या या ग्रंथी १८८० साली स्वीडनमधल्या इव्हार सँडस्ट्रोम या वैद्यकीय विद्यार्थ्याने दाखवून दिल्या, तेव्हा त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. माझ्या डाव्या बाजूला हातच लावलेला नसल्यामुळे तिथल्या दोघी सुरक्षित होत्या, आणि मला मुंग्या आल्या नाहीत.

काढलेली गाठ यजमानांना दाखवण्यात आली. मोठ्या रातांब्याएवढी होती, असे ते म्हणाले.

टाके तपासायला गेले त्या दिवशी अहवाल तयार होता. आवरण अखंड, कर्करोग नाही. मी खुर्चीत बसून तो तीनदा वाचला. मग धीर करून विचारले की मी विज्ञान शिकवते, मला ती काचपट्टी पाहता येईल का. प्रयोगशाळेतल्या डॉक्टर बाईंनी मला शेजारी बसवले आणि सूक्ष्मदर्शकाची दुसरी नळी माझ्याकडे वळवली.

आंबोलीच्या घाटातून आषाढात खाली पाहिले की बांध घातलेली, पाण्याने भरलेली लहानमोठी खाचरे एकमेकांना लागून दिसतात. तसे ते दृश्य होते, फक्त पाण्याचा रंग गुलाबी होता. प्रत्येक खाचर म्हणजे एक पुटक, सरासरी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढे. त्याचा बांध म्हणजे पेशींची एकेरी रांग, आणि आतले गुलाबी साठवण म्हणजे कोलॉइड. पुस्तकातल्या आकृतीत हे सगळे मी वर्षानुवर्षे दाखवले होते, पण ते माझ्याच गळ्यातले आहे या जाणिवेने माझे डोळे भरून आले आणि काही क्षण नळीतून नीट दिसेना.

डॉक्टर बाईंनी एका पुटकाच्या कडेवर दर्शक काटा ठेवला. बांधावरची पेशी बाहेरच्या रक्तातून आयोडाइड ओढून घेते. रक्तात ते इतके विरळ असते की ते आत घ्यायला तिला दारावर खास पंप लावावा लागतो. एका आयोडाइडबरोबर दोन सोडियम आत येतात आणि पेशीतली पातळी रक्ताच्या कित्येक पट होते. मग ते आयोडीन पेशीच्या आतल्या काठावर, गुलाबी साठ्याच्या सीमेवर नेले जाते. तिथे पेरॉक्सिडेज नावाचे विकर ते थायरोग्लोब्युलिन या मोठ्या प्रथिनातल्या टायरोसीन या अमिनो आम्लावर जोडते. एका टायरोसीनवर कधी एक आयोडीन बसते, कधी दोन. दोन-दोनवाली दोन टायरोसीने जुळली की चार आयोडीनचे थायरॉक्झिन म्हणजे टी-४ तयार होते; एकवाले आणि दोनवाले जुळले की टी-३. हे सगळे घडते ते पेशीच्या बाहेर, त्या साठ्यात, आणि तयार माल तिथेच राहतो. आपला माल पेशीबाहेर एवढ्या प्रमाणात साठवून ठेवणारी दुसरी अंतःस्रावी ग्रंथी शरीरात नाही. हा साठा दोन-तीन महिने पुरेल एवढा असतो. गरज लागली की पेशी साठ्याचा थेंब गिळते, प्रथिन कापते आणि संप्रेरक मागच्या दाराने रक्तात सोडते. आमच्या घरोघरी पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, बरण्यांची मला आठवण झाली. जिथे आयोडीनचा पुरवठा ऋतूप्रमाणे कमीजास्त होत असेल तिथे असाच साठा माणसाला तारतो.

मग त्यांनी पट्टी थोडी सरकवली. गाठीबाहेरच्या भागात पुटकांच्या मधोमध गडद निळ्या ठिपक्यांची दाटी होती. त्या लसीका पेशी होत्या, शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या, पण इथे आपल्याच ग्रंथीवर चालून आलेल्या. १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाने चार स्त्रियांच्या ग्रंथींत हेच चित्र पाहून लिहिले, आणि तेव्हापासून या विकाराला त्यांचे नाव आहे. रक्ततपासणीत पेरॉक्सिडेजविरुद्धची प्रतिपिंडे माझ्यातही सापडली. समुद्राकाठी राहून, मासे खाऊन, आयोडीनयुक्त मीठ खाऊनही थायरॉइड मंदावते ती बहुतेक वेळा अशी. सासूबाईंच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या निळ्या ठिपक्यांत होते.

आवाज तीन आठवड्यांनी बऱ्यापैकी परत आला. शाळेत मुलांनी पहिल्या दिवसापासून वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल एवढी शांतता ठेवली. वरचा स्वर मात्र फेब्रुवारीपर्यंत लागला नाही. शनिवारच्या भजनाला मी बसत होते, पण चाल चढली की थांबत होते.

उरलेला पंख दोघांचे काम उचलेल, अशी आशा होती. अर्धी ग्रंथी काढलेल्या पाचांतल्या साधारण चौघांच्या बाबतीत तसे होते. माझा डावा पंख आधीच निळ्या ठिपक्यांनी पोखरलेला असल्यामुळे तो कमी पडला. डिसेंबरात, जेव्हा किनाऱ्यावर थंडी म्हणण्यासारखे काही नसते, तेव्हा मी शाल घेऊन वर्गात जाऊ लागले. पोट साफ होईना, त्वचा मिठात ठेवल्यासारखी कोरडी झाली, नाडी मिनिटाला ५४ वर आली. डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवले आणि टाचेमागच्या शिरेवर लहान हातोडी मारली. पाऊल झटक्याने हलले, पण मूळ जागी परतताना रेंगाळले. ते रेंगाळणे मी स्वतः पाहिले, आणि कुठल्याही आकड्यापेक्षा ते मला अधिक बोलके वाटले. टीएसएच १२.४ आले होते.

टीएसएच हे अवटूचे संप्रेरक नाही, हे मी पालकांना, शेजाऱ्यांना, सर्वांना सांगते. ते मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचे आहे. अवटूला दिलेली ती हाक आहे. उत्तर नीट येत असेल तर हाक हळू असते, उत्तर क्षीण झाले की हाक वाढते. आणि ती सरळ प्रमाणात वाढत नाही. रक्तातले मुक्त टी-४ निम्म्यावर आले तर टीएसएच सुमारे शंभर पट होऊ शकते. म्हणून आकडा वर म्हणजे ग्रंथी खाली.

जानेवारीत गोळी सुरू झाली. आधी ५० मायक्रोग्रॅम, मग ७५. बारीक मिठाचा एक कण साधारण एवढ्याच वजनाचा असतो. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी ग्रंथी मंदावलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला आणि ती पुढे २८ वर्षे जगली. आज तेच संप्रेरक कारखान्यात शुद्ध स्वरूपात तयार होते. गोळीत असते ते टी-४. ते शरीराचे राखीव नाणे आहे. यकृत, मूत्रपिंड, मेंदू, स्नायू आपापल्या गरजेप्रमाणे त्यातला एक आयोडीन काढून टी-३ करून घेतात, आणि टी-३ पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांना कामाला लावते. शरीरातले सुमारे ८० टक्के टी-३ असेच ग्रंथीबाहेर तयार होते.

आठ आठवडे मी गोळी घेतली आणि टीएसएच ९.८ वर अडकून राहिले. मला वाटले, मात्रा वाढवावी लागणार. डॉक्टरांनी मात्रा न वाढवता एक प्रश्न विचारला: “गोळी कशाबरोबर घेता?” मी सकाळच्या चहाबरोबर घेत होते, आणि गुडघ्यांसाठी दुसरीकडून लिहून दिलेली कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी. कॅल्शियम आतड्यातच थायरॉक्झिनला धरून ठेवते, ते रक्तात जाऊ देत नाही. लोहाची गोळीही तेच करते. ‘उपाशीपोटी घ्या’ एवढे मला सांगितले होते आणि चहा म्हणजे काही खाणे नव्हे, असे मी समजत होते. इथे मला मनापासून म्हणायचे आहे की रुग्णाला सूचना देताना तिचे कारणही द्यावे. कारण सांगायला अर्धे मिनिट लागते, आणि कारण कळलेली सूचना माणूस विसरत नाही. मी विज्ञान शिकवूनही चुकले. आमच्या वाडीतल्या ज्या बायका या गोळ्यांची बाटली चुलीजवळच्या फळीवर ठेवतात, त्यांना उष्णता आणि पावसाळ्यातली दमट हवा गोळीला मारक असते हे कुणी सांगायचे?

आता पहाटे साडेपाचला साध्या पाण्याबरोबर गोळी, पाऊण तासाने चहा, कॅल्शियम रात्री जेवणानंतर. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी, त्याआधी नाही, यालाही कारण आहे. टी-४ रक्तात निम्मे व्हायला सात दिवस लागतात, कारण त्यातले जवळजवळ सगळे प्रथिनांना बांधलेले असते. नवीन मात्रेचा नवा समतोल बसायला अशी चार-पाच आवर्तने जावी लागतात, आणि पीयूषिकेला तो मान्य व्हायला आणखी थोडा वेळ. पंधरा दिवसांनी तपासून घाबरण्यात पैसा जातो आणि झोपही. सहा आठवड्यांनी टीएसएच ३.१ आले. शाल मी कपाटात ठेवली. ऑगस्टच्या सोनोग्राफीत डाव्या पंखातली गाठ ६ मिलिमीटरचीच होती.

यंदा दहावीच्या वर्गात हा धडा आला, तेव्हा मी मुलांना फळ्याकडे न पाहता दोन बोटे कंठमण्याखाली ठेवून पाण्याचा घोट घ्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने घरून कागदाच्या पुडीत चिमूटभर मीठ आणले. तपासणी संचातल्या द्रावणाचा थेंब टाकला की आयोडीन असलेले मीठ निळे-जांभळे होते. पाकिटातली मिठे एकामागून एक रंगत गेली. मी आमच्या बरणीतले खडे मीठ कुटून नेले होते. ते पांढरेच राहिले. संध्याकाळी ती पुडी मी सासूबाईंना दाखवली. बरणी त्यांनी खारातल्या कैऱ्यांसाठी वरच्या फळीवर ठेवली आणि आमटीसाठी पाकिटातले मीठ डब्यात भरले.